आधी फटी शोधा, हीटरचं मग बघू

जुन्या घरात थंडी वाजायला लागली की सगळ्यात आधी हीटरच सुचतो, मीपण तेच केलं, एकाचे दोन केले तरी पाय गारच, कारण गरम केलेली हवा घरात थांबतच नव्हती, चाळणीत पाणी भरायचा प्रकार सगळा.

तर पहिलं काम फटी शोधायचं. जोराचा वारा असेल त्या दिवशी सगळी दारं-खिडक्या लावा, पंखे, एक्झॉस्ट बंद करा आणि उदबत्ती पेटवून खिडकीच्या चौकटीजवळून हळूहळू फिरवा (पडदे आधी बाजूला करा हां). धूर सरळ वर गेला तर ठीक, हलला की तिथे फट आहे, खडूने खूण करून पुढे चला. दाराखाली, किल्लीच्या भोकात, लाकडी जमिनीच्या फळ्यांमध्ये, पाइप भिंतीतून बाहेर जातात तिथे आणि चक्क स्विचबोर्डातूनसुद्धा वारा येतो.

आता एक गोष्ट बरेच जण विसरतात ती म्हणजे माळा. गरम हवा वर चढते, माळ्याच्या झडपेतून नाहीतर सिलिंगच्या भेगांतून निसटते आणि तिची जागा भरायला खालून दाराच्या फटीतून गार हवा आत ओढली जाते, म्हणजे तुमच्या पायांना लागणारा वारा खरं तर वरच्या भोकामुळे येत असतो. मी खालच्या फटी बुजवत बसले होते आणि माळ्याची झडप तशीच, शेवटी तिच्या कडेला फोमची पट्टी चिकटवली तेव्हा फरक जाणवला. वर इन्सुलेशन (ऊब अडवणारा जाड थर) नसेल आणि पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर तिथेच घाला.

उघडझाप होणाऱ्या खिडक्यांना रबराची नाहीतर फोमची पट्टी (आधी धूळ नीट पुसा, नाहीतर आठवड्यात सुटते), न हलणाऱ्या भेगांना सिलिकॉन, काचेभोवतीची पुट्टी निघाली असेल तर नवी भरा. दाराखाली ब्रशची पट्टी लावा, तोवर जुनी चादर गुंडाळून ठेवली तरी चालतं. एकेरी काचेवर आतून हेअर ड्रायरने ताणून बसणारी प्लास्टिक फिल्म लावली की मध्ये हवेचा थर अडकतो आणि तोच थंडी अडवतो. दिसायला फार भारी नाही पण काम करते.

पडदे जाड हवेत आणि खिडकीच्या कठड्याला टेकणारे, मात्र रेडिएटरवर (खिडकीखालचा, गरम पाण्यावर चालणारा हीटर) पडू देऊ नका, नाहीतर सगळी ऊब काचेकडे जाते. उन्हाच्या बाजूचे दिवसा उघडे ठेवा आणि ऊन उतरलं की लगेच ओढा. जमिनीवर सतरंजी, गालिचा जे असेल ते.

पण सगळंच बंद करू नका प्लीज. गॅसचा हीटर, शेगडी, लाकडाची चूल असं काही जळत असेल तर हवा खेळायलाच पाहिजे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतच नाही, त्यामुळे व्हेंट (हवा खेळायला मुद्दाम ठेवलेली भोकं) बुजवायचे नाहीत आणि अलार्म लावायचा. वापरात नसलेल्या धुराड्यात हवा भरून ते बंद करणारा खास फुगा बसवता येतो, पण शेकोटी पेटवायच्या आधी तो काढायची आठवण राहील अशी चिठ्ठी लावा. आणि दिवसातून 5-10 मिनिटं खिडक्या सताड उघडा, भिंती तेवढ्यात गार होत नाहीत पण दमट हवा निघून जाते, नाहीतर कपाटामागे बुरशी. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून थोडी पुढे ओढा.

हे झाल्यावर हीटर. अख्खं घर तापवू नका, बसता ती खोली निवडा आणि दार लावा. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान 18 अंश सुचवते, लहान मुलं नाहीतर म्हातारी माणसं असतील तर अजून थोडं जास्त. 2000 वॅटचा हीटर तासाला 2 युनिट खातो, इलेक्ट्रिक ब्लँकेट साधारण 100 वॅटचं, म्हणजे झोपताना खोलीपेक्षा अंथरूण गरम करणं परवडतं. हीटर एक्स्टेन्शनवर लावू नका आणि कपडे, पडदे मीटरभर लांब ठेवा.

पुढच्या वाऱ्याच्या दिवशी परत उदबत्ती फिरवा, वाऱ्याची दिशा बदलली की फटीपण वेगळ्याच सापडतात.