जुन्या विहिरीची दुरुस्ती करताना: गोव्यात परवानगी कुठे लागते, कुठे नाही

विहिरीच्या कामाला परवानगी लागते का, या प्रश्नाचे गोव्यात सर्वाधिक ऐकू येणारे उत्तर भलत्याच नियमातून उचललेले असते. केंद्रीय भूजल प्राधिकरणाने २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती वापर, शेती आणि दिवसाला १० घनमीटरपेक्षा कमी पाणी उपसणारे सूक्ष्म व लघु उद्योग यांना ना हरकत दाखल्यातून सूट दिली. ही सूट त्या प्राधिकरणाच्या दाखल्यापुरतीच आहे. गोव्याचा स्वतःचा भूजल नियमन कायदा २००२ चा असून, नवी विहीर किंवा बोअरवेल काढायची झाल्यास जलस्रोत खात्यातील भूजल अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. ‘घरगुती वापराला काही लागत नाही’ हा मोबाइलवर फिरणारा निरोप वाचून थेट बोअरचे यंत्र अंगणात आणणारे मी पाहिले आहेत.

परवान्याच्या फेऱ्यात न पडता जे करता येते, ते म्हणजे असलेल्या विहिरीची देखभाल: गाळ उपसणे, निसटलेले चिरे पुन्हा बसवणे, कठडा उंच करणे, कप्पी बदलणे, तोंडावर जाळी टाकणे. याउलट तळ खाली नेणे, तळातून बोअर मारणे किंवा जुनी विहीर बुजवून चार हातांवर दुसरी काढणे, ही नवी कामे आहेत असेच समजून चालावे.

प्रथम एक-चौदाचा उतारा (गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद), सर्व्हेचा नकाशा आणि विहिरीच्या नोंदणीचा कागद एकत्र ठेवावा. नोंदणी झालेली नसेल, तर ते काम आधी उरकावे. मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्याच्या, घरची विहीर भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) नावावरील जमिनीत असेल, तर भाटकाराची संमती लेखी घ्यावी. तोंडी होकार पाऊस पडेपर्यंतही टिकत नाही.

खरी अडचण यानंतरची आहे, आणि तिथे मी एकदा चांगलाच फसलो. गाळ संपून मूळ तळ कुठे सुरू होतो, हे काम चालू असताना कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. आमच्याकडे वर जांभा आणि त्याखाली मऊ, पांढरट-पिवळी चिकणमाती असते. ओली असताना ती पहारीला गाळासारखीच लागते. माझ्या कामगारांनी उत्साहाच्या भरात ती माती हातभर खाली काढली, पाणी वाढले म्हणून आम्ही खूश झालो आणि पंधरा दिवसांत शेजाऱ्याची तक्रार आली. पाहणीस आलेल्या अधिकाऱ्याने एकच प्रश्न विचारला: “आधीची खोली किती होती?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. खात्याला दिलेल्या पत्रात मी नुसते ‘विहीर दुरुस्ती’ असे लिहिले होते आणि हे दोन शब्द काहीच सिद्ध करत नाहीत. त्या हंगामात मे महिनाभर आमचा पंप बंद राहिला.

म्हणून आता मी कामाच्या आदल्या दिवशी कठड्यावरील एका चिऱ्यावर तेलरंगाने खूण करतो आणि सगळी मापे त्याच खुणेपासून घेतो. दोराला लोखंडी वजन बांधून पाण्याची पातळी आणि गाळाचा वरचा थर मोजतो. उपसा झाल्यावर पहार चार कोपऱ्यांत व मध्ये रोवून ती कुठे अडते, ते पाहतो. गाळात करवंट्या, फुटक्या मडक्यांचे तुकडे, कुजलेली पाने, कधी हरवलेली कळशी सापडते. ज्या थरात यांतले काहीच नाही आणि रंग एकसारखा आहे, तो मूळ तळ. तिथे फावडे थांबलेच पाहिजे. ‘अजून थोडे काढू, पाणी लागेल’ म्हणणाऱ्या गड्याला सरळ वर बोलवावे. मापपट्टी दिसेल असे फोटो घ्यावेत, आणि मापांच्या कागदावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. तक्रार करू शकेल असा शेजारी त्यांत असलेला उत्तम.

देखभालीला परवाना लागत नसला, तरी जलस्रोत खात्याला पत्राने आधी कळवावे आणि त्या पत्रात ‘दुरुस्ती’ हा शब्द टाळून काम नेमके लिहावे: ‘खुणेपासून अमुक मीटरवर असलेल्या मूळ तळापर्यंत साचलेला गाळ काढणे व उत्तरेकडील ढासळलेले चिरे बसवणे; खोली वाढवली जाणार नाही.’ पत्राची पोच शिक्क्यासह घ्यावी. पत्र फेब्रुवारीत दिले, तर एप्रिलअखेर काम सुरू करता येते. उत्तर येत नाही म्हणून परवानगी मिळाली, असे मात्र धरू नये. शंका असेल तर स्वतः जाऊन विचारावे.

प्रत्यक्ष उपसा कोणताही अनुभवी गडी करील. पेट्रोल किंवा डिझेलचा पंप विहिरीत उतरवू नये, एवढे बजावतो. त्याचा धूर खाली कोंडतो आणि माणूस दगावतो.

काम संपताच, झऱ्यांनी पाणी चढण्यापूर्वी, त्याच खुणेपासून तळाचे माप पुन्हा घ्यावे आणि तो कागद नोंदणीच्या कागदाला टाचून ठेवावा.