आखाड्यावरचा जुना हडंबा पुन्हा सुरू करताना

सोयाबीनची पानं गळायला लागली की शेतातल्या आखाड्यावर पत्र्याखाली चार-पाच वर्षं उभ्या असलेल्या हडंब्याची, म्हणजे ट्रॅक्टरवर चालणाऱ्या घरच्या मळणीयंत्राची, आठवण होते. भाड्याचं मळणीयंत्र वेळेवर मिळत नाही, वरून परतीच्या पावसाचं आभाळ दाटलेलं. मग कुणीतरी म्हणतं, "लावा ट्रॅक्टर, बघू फिरतो का." एवढं मात्र करू नका. खंडेनवमीला अवजारांना हळद-कुंकू लावतो, त्याच्या पंधरा दिवस आधी यंत्राला हात घाला. ट्रॅक्टर जोडायचं काम अगदी शेवटाला येतं.

पहिल्या दिवशी पाने-पकडी बाजूला ठेवून काठी आणि बॅटरी घ्या. झाकणं उघडून ड्रमच्या आत, पंख्याच्या डब्यात, चाळणीखाली उजेड मारा. उंदरांनी भुसकट ओढून घरं केलेली असतात, कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं पोळं असतं, आणि जिथं उंदीर तिथं साप येतोच. पोळं जाळायला टेंभा लावू नका, आतली वाळलेली गुळी, म्हणजे भुसकट, क्षणात पेट घेते. सगळं झाडून काढलं की यंत्र पत्र्याबाहेर घ्या. पण त्याआधी टायर बघा. एकाच जागी उभं राहून रबराला चिरा पडलेल्या असतात, हवा भरली तरी रस्त्यावर दगा देतात. ट्रॅक्टरला अडकवायच्या दांडीचे वेल्डिंग वायर ब्रशने घासून बघा. रंगाखाली केसाएवढी भेग दिसली तरी आधी वेल्डिंगवाल्याला बोलवा.

आता सगळे पट्टे उतरवून ठेवा आणि ड्रम हातानं फिरवा. माझ्या मते सगळ्या तयारीत हेच काम सर्वांत महत्त्वाचं, आणि लोक हेच टाळतात. ड्रम हलत नसेल तर ट्रॅक्टरचा जोर देऊन सोडवू नका, दाते वाकतील नाहीतर शाफ्ट पिळला जाईल. दाते आणि जाळी यांच्यामध्ये जुनं ओलं भुसकट गंजासकट दगडासारखं बसलेलं असतं. ते खरवडून काढा, डिझेलमध्ये थोडं ऑइल मिसळून सोडा, रात्रभर मुरू द्या, सकाळी परत फिरवा. बोल्टांनाही हाच उपाय. ड्रम सुटला की लांब पेचकसचं टोक बेरिंगच्या डब्यावर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा आणि दुसऱ्याला ड्रम सावकाश फिरवायला सांगा. चांगलं बेरिंग नुसतं सरसरतं. दातांखाली वाळू यावी तशी खरखर ऐकू आली तर ते बेरिंग बदलाच, ग्रीसनं ते सुधारत नाही. बाकीच्यांना ग्रीस देताना जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारा. ग्रीस भरायचं निप्पल तुंबलं असेल तर ते बदलायला फार खर्च लागत नाही.

ड्रमच्या दात्यांबद्दल थोडं जास्त सांगतो. तुटका दाता एकटा बदलू नका, समोरच्या बाजूचाही बदला आणि दोन्ही तराजूवर सारख्या वजनाचे बघून घ्या. एका वर्षी घाईत मी एकच नवा, जाड दाता ठोकला होता. हडंबा खळ्यावर थरथरत जागचा सरकू लागला आणि संध्याकाळपर्यंत त्याच बाजूचं बेरिंग गेलं. निम्मी गंजी तशीच राहिली आणि रात्री पाऊस आला.

पट्टे वाकवून चिरा बघा. एका पुलीवर तीन पट्टे असतील तर तिन्ही एकदम बदला. नव्या-जुन्याची लांबी जुळत नाही आणि सगळा भार नव्यावर पडतो.

पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा, यंत्राला जोर देणारा फिरता दांडा. त्याला यंत्राशी जोडणाऱ्या जॉइंट शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकतात ना, ते बघा. गंजून एक झाले असतील तर वळणावर तो शाफ्ट ट्रॅक्टरच्या किंवा यंत्राच्या बेरिंगवर दाब देतो. जोडताना दोन्ही टोकांचे क्रॉसचे काटे एका रेषेत हवेत. चौकोनी नळी एक घर चुकून बसली तरी यंत्र हादरत राहतं. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण फुटलं असेल तर नवं घ्या. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो. पदर, उपरणं, सोगा त्यात गेला की माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. पेंढी टाकायच्या तोंडाचं वरचं झाकण अडचण होते म्हणून पूर्वी कुणी कापून टाकलं असेल, तर ते परत बसवून घ्या. हात आत जाऊ नये म्हणूनच ते असतं. मळणीयंत्रावर हात तुटायला लागले म्हणून देशात १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला.

मग ट्रॅक्टर जोडा. आधी अगदी कमी रेसवर पाच मिनिटं रिकामं फिरवा, बंद करा, थांबल्यावर प्रत्येक बेरिंगला हात लावा. चटका बसला तर तिथं थांबा. हळूहळू गती वाढवत अर्धा तास चालवा आणि सगळे नट-बोल्ट पुन्हा आवळा, पहिल्या धावेत ते ढिले होतातच.

शेवटी दोन-चार पेंढ्या टाकून बघा. घरचं बियाणं धरायचं असेल तर ड्रमची गती ४०० ते ५०० फेऱ्यांवर ठेवा, दाणे खडखडीत वाळले असतील तर त्याहूनही खाली. सोयाबीनची साल पातळ असते, दिसायला धड असलेला दाणाही आतून दुखावतो आणि उगवत नाही. मूठभर दाणे तळहातावर पसरा. डाळ झालेले दाणे दिसले तर गती उतरवा किंवा जाळीचं अंतर वाढवा. गती उतरवली की पंख्याची हवाही मंदावते आणि दाण्यांत भुसकट येतं, तेव्हा हवेची झडप जास्त उघडा. तूर, हरभरा किंवा ज्वारीला चाळणी वेगळी लागते, ती आत्ताच शोधून ठेवा.

खळ्यावर नेताना पाण्याचा एक ड्रम आणि दोन पोती वाळू सोबत घ्या, सायलेन्सरच्या ठिणगीनं गंज्या जळतात. आणि बेरिंगवरचे नंबर, पट्ट्यांचे माप पंख्याच्या डब्याच्या झाकणाला आतून पांढऱ्या रंगानं लिहून ठेवा. कागदाची चिठ्ठी उंदीर खातात.