उभं उतरणारं रॉकेट शिकताय? या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरच्या इंजिनिअरिंगच्या मुलांसोबत मी हॉपर उडवतो. सरळ वर जायचं, थोडं थांबायचं आणि त्याच जागी पायांवर उतरायचं, एवढंच त्याचं काम. त्यात रॉकेटचं इंजिन नाही. बॅटरीवरचा डक्टेड फॅन, म्हणजे नळकांड्यात बसवलेला पंखा आहे आणि त्याच्या झोतात चार पाती. पाती वळली की झोत वळतो आणि हॉपर तोल सावरतं. उतरण्याचं बरंचसं गणित यावर शिकता येतं.

मोबाइलवर बघून घरी साखर आणि पोटॅशचं इंधन शिजवणारी पोरं मला भेटतात. हात जोडून सांगतो, ते करू नका. हात-डोळे जातात, कायद्याच्या कचाट्यात सापडाल ते वेगळंच. शिवाय घन इंधन एकदा पेटलं की त्याचा जोर हवा तसा कमी-जास्त करता येत नाही, आणि उतरताना नेमकं तेच लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान उंचीच्या हौसेनं होतं. स्पेसएक्सच्या ग्रासहॉपर या चाचणी रॉकेटनं सप्टेंबर 2012 मध्ये टेक्सासमध्ये पहिली उडी मारली ती जेमतेम 1.8 मीटरची. यंत्र 32 मीटर उंच आणि उडी माणसाएवढी! 744 मीटरपर्यंत ते पोचलं ऑक्टोबर 2013 मध्ये, आठव्या उड्डाणात. आपला विक्रम लँडरही 3 सप्टेंबर 2023 ला चंद्रावर फक्त 40 सेंटिमीटर वर उठला आणि पुन्हा नीट टेकला. तुमची पहिली पन्नास उड्डाणं दोरी बांधून, वीतभर उंचीवर करा. दोरी ढिली ठेवा. ताणलेली दोरी हॉपरला धरून ठेवते आणि पाती बरोबर काम करताहेत असं उगाच वाटतं.

पुढची चूक आमच्याच हातून झाली. मे महिन्यातली दुपार, ज्वारी निघालेलं वावर. स्टँडला बांधलेलं हॉपर जमिनीपासून 80 सेंटिमीटरवर, पण स्क्रीनवर उंची कधी शून्य, कधी दीड मीटर. मुलांनी अख्खी दुपार कोड तपासण्यात घालवली. कोड ठीक होता. उंची मोजणारा लेसर सेन्सर जमिनीवरून परत आलेला उजेड मोजतो. काळी माती तो उजेड गिळते, वरून कडक ऊन सेन्सरला दिपवतं. आम्ही आठ बाय चारचा प्लाय आणला, त्यावर चुन्याचे दोन हात मारले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेलो. आकडा जागेवर! प्लायमुळे पाय भेगांत अडकत नाहीत आणि धूळही कमी उडते. धूळ उठली की सेन्सर धुळीलाच जमीन समजतो.

उन्हाचा आणखी एक फटका बसतो. फॅनच्या डब्यावरचा जोराचा आकडा सहसा थंड, समुद्रसपाटीजवळच्या हवेतला धरून चाला. संभाजीनगर साडेपाचशे मीटरहून उंचावर आहे. पारा 42 ला गेला की हवा विरळ होते आणि तेवढ्याच फेऱ्यांना जोर अंदाजे 15 टक्के कमी मिळतो. जानेवारीत उडालेलं हॉपर एप्रिलमध्ये जागचं हलत नसेल तर मोटर बदलायच्या आधी वजन करा आणि पहाटे उडवून बघा.

हॉपर डोलत असेल आणि डोलणं वाढत जात असेल, तर सुधारणेचा जोर, म्हणजे कलल्यावर पाती किती वळतात ते, कोडमध्ये कमी करा. तरीही थांबलं नाही तर सर्व्होची (पाती वळवणाऱ्या छोट्या मोटरची) कडी हलवून बघा, बहुतेक वेळा ती सैल असते. काही जण डोलणं थांबावं म्हणून फॅन सगळ्यात वर लावतात, लंबकासारखं लटकून सरळ राहील म्हणून. तसं होत नाही, कारण हॉपर कलंडलं की जोरही त्याच्याबरोबर कलंडतो. अमेरिकन रॉकेटशास्त्रज्ञ गोडार्डनं 1926 च्या आपल्या पहिल्या द्रव-इंधन रॉकेटातही इंजिन वरच लावलं होतं, त्यामुळे ही समजूत जुनी आहे.

स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटसारखं वेगानं खाली येऊन शेवटच्या क्षणी ब्रेक मारायचा मोहही टाळा. त्याचं एकच इंजिन कमीत कमी जोरावर चालवलं तरी रिकाम्या बूस्टरच्या (परत उतरणाऱ्या खालच्या टप्प्याच्या) वजनापेक्षा जास्त ढकलतं, म्हणून त्याला हवेत थांबताच येत नाही. तुम्हाला थांबता येतं, मग सावकाश उतरा.

फॅन बंद करण्याचा निर्णय एकट्या पायातल्या स्विचवर सोडू नका. 1999 मध्ये मंगळावर उतरताना नासाचं मार्स पोलर लँडर हरवलं. चौकशीत निघालेलं सर्वांत संभाव्य कारण असं, की पाय उघडतानाचा हिसका म्हणजे जमीन लागली असं संगणकाला वाटलं आणि सुमारे 40 मीटरवरच इंजिनं बंद झाली. स्विच, उंची आणि वेग तिन्ही जुळले तरच फॅन बंद करा.

पायांबद्दल मी सगळ्यात कडक आहे. डीसी-एक्सए हे उभं उतरणारं चाचणी यान 31 जुलै 1996 ला न्यू मेक्सिकोत व्यवस्थित खाली आलं, पण चारपैकी एक पाय उघडलाच नाही. यान आडवं झालं, टाकीचा स्फोट झाला. त्या पायाची वायूची एक नळी जोडायची राहिली होती. आमच्याकडे म्हणून एक जण यादी वाचतो आणि दुसरा प्रत्येक जोडणीला बोट लावून मोठ्यानं "जोडली" म्हणतो. वाचणाऱ्यानं हॉपरला हात लावायचा नाही. मध्येच कुणाचा फोन वाजला तर यादी पहिल्या ओळीपासून.