मिसळीच्या पार्सलपासून सुरुवात: जेवणातलं प्लास्टिक कमी कसं करावं

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास नाशकातल्या कुठल्याही मिसळीच्या दुकानापुढे उभं राहा. आत बसायला जागा नसते, त्यामुळे निम्मी गर्दी पार्सलवाली. काउंटरवरचा पोऱ्या पातेल्यातून रस्सा काढतो, पातळ पिशवीत ओततो, तोंडाला गिरकी देऊन रबर लावतो. छोट्या पिशवीत वेगळी तर्री. मध्यंतरी असंच पार्सल घरी आणून सोडायला गेलो, तर पिशवीचा तळ लिबलिबीत झालेला, बोट लावलं की ताणला जात होता. रस्सा झकास होता, खाल्लाही. पण त्या तळाने डोक्यात किडा सोडला.

प्लास्टिक मऊ राहावं, चिवट व्हावं म्हणून त्यात इतर रसायनं मिसळलेली असतात. त्यातली बरीचशी प्लास्टिकला घट्ट चिकटलेली नसतात. उष्णतेने ती सुटतात, तेलात विरघळतात, आंबट पदार्थात काहींना आणखी वाट मिळते. शिवाय प्लास्टिकचे बारीक कणही झडतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान असतील ते मायक्रोप्लास्टिक, आणि एक मायक्रॉनच्याही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) खालचे ते नॅनोप्लास्टिक. म्हणून ध्यानात ठेवायचे शब्द तीनच: गरम, तेलकट, आंबट. तर्रीत पहिले दोन भरपूर आहेत. तिसऱ्यासाठी लिंबू आपण पिशवीत पिळत नाही, इतकंच. घरातलं सगळं प्लास्टिक एका दिवसात बाहेर काढायचा उद्योग मी करून पाहिला, त्यातून फक्त भांडणं झाली. या तीन शब्दांच्या क्रमाने जा.

आधी पार्सल

कडीचे दोन स्टीलचे डबे गाडीच्या डिकीत कायमचे टाकून द्या, एक रस्स्याला, एक मटकीला. ‘दादा, डबा घरचाय, यात द्या,’ एवढं पुरतं. मापाचा घोळ होईल असं मला वाटायचं, पण तो ओगराळ्यानेच मोजतो, आणि त्याची पिशवी वाचते म्हणून कुरकुरतही नाही. तसंही पातळ पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. ती काउंटरखाली का दिसत नाही ते विचारू नका. फरसाण कोरडं आणि गार असतं, ते अर्ध्या तासासाठी पिशवीत आलं तर फार मनावर घेऊ नका. मात्र भजी-वडे वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका. शाईमुळे त्याला एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मनाई आहे.

मग चहा

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि कॉलेज रोडच्या ऑफिसांत चहा येतो तो बऱ्याचदा पिशवीत, आणि प्यायला कागदी कप. हा कप नुसत्या कागदाचा नसतो, आतून त्याला प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी अशा कपांत १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवून पाहिलं, तेव्हा त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरलेले आढळले. टपरीवर काचेच्या ग्लासातच मागा. ऑफिसात स्वतःचा कप आणि चहावाल्याकडे देण्यासाठी एक स्टीलचा थर्मास ठेवा.

घरी एकच गोष्ट लगेच बदला: गाळणी. नायलॉनच्या जाळीची प्लास्टिक गाळणी असेल, तर उकळता चहा दिवसातून दोनदा-तीनदा तिच्यातूनच जातो. स्टीलची गाळणी स्वस्त मिळते आणि वर्षानुवर्षं टिकते. पाहुण्यांसाठी आणलेल्या ग्रीन टीच्या रेशमासारख्या चमकणाऱ्या पिशव्या बऱ्याचदा प्लास्टिकच्याच असतात, नायलॉनच्या किंवा पीईटीच्या (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक). कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात अशी एक पिशवी ९५ अंशांच्या पाण्यात बुडवल्यावर सुमारे ११६० कोटी मायक्रोप्लास्टिक कण सुटले. सुटी पत्ती घ्या.

ओट्याखालचं कपाट

याला दुपार मोकळी लागते. सगळे डबे जमिनीवर मांडा आणि एकेक उजेडात धरून पाहा. ज्याला चरे पडलेत, जो धुरकट झालाय, ज्याचा हळदीचा पिवळेपणा कितीही घासला तरी जात नाही, तो डबा अन्नातून निवृत्त. तो पिवळा डाग म्हणजे तेल आणि रंग प्लास्टिकच्या आत शिरल्याची खूण आहे. असे डबे फेकायची गरज नाही: खिळे, बटणं, रांगोळी, दिवाळीच्या पणत्या. आमच्याकडे या ढिगात सगळ्यात जास्त निघाले ते श्रीखंडाचे डबे. त्यांचा जन्म गार श्रीखंडासाठी झालेला, आणि आपण त्यांत रात्रीची गरम आमटी ओततो.

उरलेल्यांच्या तळाशी त्रिकोणातला आकडा पाहा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, गार आणि कोरड्या गोष्टींना चालेल. ३, ६ आणि ७ अन्नापासून लांब ठेवा. आकडाच नसेल तर प्रश्नच मिटला. डाळी, रवा, पोहे प्लास्टिकच्या डब्यात असतील तर सध्या राहू द्या. लोणचं मात्र तेलकट आणि आंबट, त्यातून वर्षभर मुरणार. ते चिनी मातीच्या बरणीत किंवा काचेत हलवा. तेल मोठ्या कॅनमधून स्टीलच्या बुधलीत काढून ठेवा.

‘मायक्रोवेव्ह सेफ’ या शब्दांवर भिस्त ठेवू नका. डबा वितळणार नाही, वाकणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाने २०२३ मध्ये बाळांच्या खाऊचे डबे तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये तापवले, तर काहींच्या एका चौरस सेंटिमीटरमधून ४० लाखांवर मायक्रोप्लास्टिक आणि २०० कोटींवर नॅनोप्लास्टिक कण सुटले. काचेच्या वाटीत तापवा, वर बशी झाका.

प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डावर सुरी फिरली की त्याचेही बारीक तुकडे भाजीत येतात. आईची विळी माळ्यावर असेल तर उतरवा, नाहीतर लाकडी पाट घ्या.

नवी भांडी घ्यायची तर सराफ बाजाराजवळचा भांडी बाजार आहेच. तांब्या-पितळेच्या झगमगाटाने भुलायला होतं, पण एक पथ्य पाळा: आमटी, ताक, चिंच, लिंबू असं आंबट काही कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात ठेवायचं नाही. प्लास्टिक सोडून तांबं पोटात घालायला नको. रोजच्याला स्टीलच बरं.

पाणी

कोलंबिया विद्यापीठाच्या जानेवारी २०२४ मधल्या अभ्यासात बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी दोन लाख चाळीस हजार कण मोजले गेले, त्यातले सुमारे ९० टक्के नॅनो. प्रवासात तहान लागली तर बाटली जरूर घ्या, पण तीच रिकामी बाटली महिनोन्‌महिने भरत राहू नका, आणि एप्रिलच्या उन्हात गाडीत तापलेली तर नकोच. बोअरचं जड पाणी असेल तर एक सोपा उपाय आहे. चीनमधल्या संशोधकांना २०२४ मध्ये असं दिसलं, की क्षारांचं पाणी उकळलं की तयार होणाऱ्या पांढऱ्या थरात हे कण अडकतात, आणि ते गाळलं की ९० टक्क्यांपर्यंत निघून जातात. पाणी मऊ असेल तर फरक बराच कमी पडतो. उकळून, गार करून, दाट सुती फडक्यातून गाळा. तळाचा पांढरा गाळ ढवळू नका. ओततानाच फडक्यात थोडा दिसेल.

बाळ असेल तर हे सगळ्यात आधी

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या. नेहमीच्या पद्धतीने, ७० अंशांच्या पाण्यात दूध कालवलं की लिटरमागे एक कोटी साठ लाखांपर्यंत कण सुटू शकतात. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात दूध कालवून कोमट होऊ द्या, मग बाटलीत ओता. काचेची बाटली, वाटी-चमचा किंवा आजीचं बोंडलं असेल तर उत्तमच.

आता घाबरायचं किती? प्लास्टिकमधली थॅलेट आणि बीपीए ही रसायनं शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, म्हणून गरोदर बायका आणि लहान मुलं यांनी जास्त जपावं. कणांचं चित्र अजून अर्धवट आहे. इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीत साठलेली चरबी शस्त्रक्रियेत काढलेल्या २५७ रुग्णांवर लक्ष ठेवलं. ते संशोधन मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांच्या चरबीत प्लास्टिकचे कण सापडले, त्यांच्यात पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका साडेचारपट दिसला. पण प्लास्टिकमुळेच तसं झालं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

मिठाचंही तसंच. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २०२४ मध्ये तपासलेल्या मीठ-साखरेच्या सगळ्या नमुन्यांत कण निघाले, आयोडीनयुक्त मिठात किलोमागे ८९ पर्यंत. ती बातमी वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी आयोडीनचं मीठच बंद केलं. तसं करू नका, थायरॉईडला आयोडीन लागतं. दिवसाला चमचाभर मिठातून जेमतेम एखादा कण येत असेल, तर कागदी कपातल्या एका चहापुढे तो काहीच नाही.

गेल्या रविवारी दोन डबे घेऊन रांगेत उभा होतो. रस्सा भरला, मटकी भरली, आणि पोऱ्याने विचारलं, ‘तर्री कशात देऊ?’ तिसरा डबा आणायला मी विसरलो होतो. शेवटी रस्स्यातच ओतायला सांगितली, आणि घरी पोरांना नेहमीपेक्षा दोन ग्लास पाणी जास्त लागलं.