शेतकरी-शिपाई पूर्वजाचे आयुष्य कागदपत्रांतून कसे शोधावे

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, सातारा, पुणे, कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांतील असंख्य शेतकरी घरांतून एखादा मुलगा मुंबई लष्कराच्या, म्हणजे मुंबई इलाख्यातील इंग्रजी फौजेच्या, पलटणीत भरती होत असे आणि बाकीचे भाऊ शेती सांभाळत. नोकरी पुरी झाली की तो पेन्शन घेऊन गावी येई आणि पुन्हा औत धरी. अशा पूर्वजाचा शोध घेणारे बहुतेक जण लष्कराच्या दफ्तरापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात, कारण साध्या शिपायाच्या नोकरीची स्वतंत्र नोंद फार क्वचित टिकली आहे. माझा स्पष्ट सल्ला असा की शोध जमिनीपासून सुरू करावा. पलटणीच्या कागदात तो माणूस काही वर्षांपुरता आणि बहुधा आडनावाशिवाय भेटतो, तर जमिनीच्या कागदात तो बापापासून नातवापर्यंतच्या साखळीत उभा असतो.

त्याआधी घरातली ट्रंक मात्र उघडावी. त्यात गहाणखत, पेन्शनीचा कागद किंवा पदक निघू शकते. आमच्या खापरपणजोबांचे चांदीचे पदक देवघरात असे आणि दर दसऱ्याला शस्त्रांबरोबर चिंच लावून लखलखीत घासले जाई. एका बाजूस राणी व्हिक्टोरिया आणि दुसऱ्या बाजूस पाठीवर तोफ वाहणारा हत्ती व चालते सैन्य, एवढे चित्र सर्वांना पाठ होते. पण त्या पदकाचे मोल त्याच्या जाड कडेवर होते, हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमची निम्मी अक्षरे घासण्यात गेली होती. उरलेली वाचण्यासाठी खोलीत अंधार करून बॅटरीचा झोत कडेला अगदी आडवा धरला आणि भिंगातून पाहिले, तेव्हा पलटणीचा आकडा सावलीसारखा उमटला. म्हणून पदक हाती आले तर ते घासू नये; कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवावे आणि आधी कडेचे फोटो काढावेत.

घरातील वृद्धांना मोघम प्रश्न विचारू नयेत. त्या माणसाच्या नावाने ओळखले जाणारे शेत, विहीर किंवा घर कोणते, ते गावी परत आले तेव्हा कोणाचे लग्न झाले होते, पलटणीला ते काय म्हणत, असे नेमके विचारावे. ‘काळी पाचवी’ किंवा ‘जंगी पलटण’ एवढा एक शब्द आठवला तरी पुरेसा असतो. काळी पाचवी म्हणजे मुंबई लष्कराची पाचवी पलटण. १९०३ च्या फेररचनेत मुंबईच्या पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले तेव्हा ती १०५ वी झाली आणि १९२२ मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन ठरली. जंगी पलटण ही तिसरी. ती पुढे १०३ वी आणि मग मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली. क्रमांकांची ही साखळी लक्षात न घेतल्यामुळे एकाच पलटणीला तीन पलटणी समजण्याची चूक फार जण करतात.

आता जमिनीकडे वळावे. इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास सुरू झालेली मोजणी पुढे मुंबई इलाख्यात पसरली आणि साऱ्याची आकारणी साधारणतः तीस वर्षांसाठी ठरू लागली. त्यामुळे एका गावाला त्या शतकात दोन मोजण्या मिळू शकतात. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गावाचे नाव व जुना सर्व्हे नंबर देऊन आकारफोड, सूड आणि टिपण (मोजणी व आकारणीचे जुने कागद) यांच्या नकला मागाव्यात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी, विचारावेत. वारसाचा फेरफार हा माझ्या मते सर्वांत मोलाचा कागद होय, कारण त्यात मयत खातेदार आणि त्याचे मुलगे एका ओळीत येतात. कोकणातील खोती गावांत खोताचे, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या वतनदाराचे, नाव पुढे असते; तिथे जमीन कसणाऱ्या कुळांसाठी बोटखत (कुळांच्या नोंदींचे पत्रक) पाहावे.

हे कागद वाचताना नाव जिथे आहे तिथेच थांबू नये. ते जिथे नाही तेही टिपावे. बापाचे खाते थोरल्या भावाच्या नावे झाले, धाकट्याचे नाव पंधरा वर्षे कुठेच आले नाही आणि नंतर अचानक त्याच्या नावावर वेगळा नंबर लागला किंवा गहाण जमीन सुटली, तर ती रिकामी वर्षे पलटणीतील असण्याचा संभव मोठा. पायदळातील शिपायाचा पगार शतकाच्या बऱ्याच काळात महिना ७ रुपये होता. तो १८९५ मध्ये ९ रुपये झाला. शेताचा वर्षाचा आकार साडेतीन रुपये असेल, तर अर्ध्या महिन्याच्या पगारात सारा भागे. अर्थात खाण्यापिण्याचा खर्च वजा करूनच उरलेले पैसे गावी जात. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हा पैसा घरी येत होता की नाही, यावर जमीन राहिली की सावकाराकडे गेली हे अनेकदा ठरले असेल. आणि त्या वर्षांत नांगरणी-पेरणीचा भार शिपायाच्या पत्नीने वाहिला, तरी कागदात तिचे नाव सहसा नसते. म्हणून तिच्याविषयी जे ऐकले असेल ते आजच लिहून ठेवावे.

यातील बराच मजकूर मोडीत असतो. मोडी थोड्या सरावाने येते, पण तारखांकडे जास्त लक्ष द्यावे लागते. शकात ७८ आणि दख्खनी फसलीत (महसुली वर्षगणनेत) ५९० मिळवले की इसवी सन मिळतो; शके १८०२ म्हणजे १८८०-८१ आणि फसली १२९० म्हणजेही तोच काळ. वर्ष जानेवारीत सुरू होत नसल्याने एका वर्षाचा फरक नेहमी गृहीत धरावा.

एवढे जमल्यावर लष्कराकडे जावे. तिथे आडनाव शोधू नये; नाव, बापाचे नाव आणि गाव यांवर भर द्यावा. नावाच्या शेवटी ‘नाक’ असेल तर तो महार शिपाई असण्याची दाट शक्यता. या समाजाची भरती १८९० च्या दशकाच्या आरंभी बंद झाली, ही गोष्ट कुटुंबाच्या पुढच्या वाटचालीशी जोडून पाहावी. नंतर पलटण कोणत्या मोहिमेत होती हे पाहावे: १८५६-५७ चे इराण, १८६७-६८ चे ॲबिसिनिया, १८७८-८० चे अफगाणिस्तान. मात्र पलटण अफगाणिस्तानातील मैवंदला २७ जुलै १८८० रोजी लढली म्हणून आपला माणूसही त्या दिवशी तिथे होता, असे लिहू नये. तो डेपोत किंवा रजेवरही असू शकतो. गावचे तत्कालीन पाऊसपाणी, पिके व मजुरी यांसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा (सरकारी माहितीग्रंथाचा) आपल्या जिल्ह्याचा खंड वाचावा. रत्नागिरीचा १८८० चा आणि साताऱ्याचा १८८५ चा आहे.

शेवटी त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूर येथील आपल्या घराण्याच्या उपाध्यांकडे जावे. गाव व घराणे सांगितले की ते वंशावळीची वही काढतात, आणि तिच्यात यात्रेला आलेल्या पूर्वजाने सांगितलेली भावांची, मुलांची, कधी आई व पत्नीचीही नावे सापडतात. नोंदीचा फोटो परवानगीने घ्यावा, आणि उठण्यापूर्वी त्याच वहीत घरातील आजच्या सर्वांची नावे, लेकी-सुनांसकट, आपल्या हाताने लिहावीत.