फेलसेफ आणि रेंज चेक: आरसी विमान उसात घालवायचं नसेल तर

रेडिओ (हातातला ट्रान्समीटर) विमानातल्या रिसीव्हरशी बाइंड झालाय म्हणजे जोडला गेलाय, सर्व्हो (पंख-शेपटीची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) बरोबर दिशेला हलतात, सीजी म्हणजे विमानाचा तोलबिंदू जागेवर आहे असं धरून चालतो. आता प्रॉप म्हणजे मोटरवरचा पंखा काढून ठेवा. शेवटच्या एका टेस्टला तो लागेल, तेव्हा सांगतो, तोपर्यंत प्रॉप विमानावर नको.

फेलसेफ म्हणजे सिग्नल तुटला की रिसीव्हरने काय करायचं ते आधीच ठरवून देणं. बहुतेक ठिकाणी पर्याय तीन असतात: होल्ड म्हणजे शेवटची मिळालेली कमांड धरून बसायचं, नो पल्स म्हणजे सर्व्हो आणि ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) काहीच पाठवायचं नाही, आणि तिसरा म्हणजे आपण ठरवून दिलेली पोझिशन. साध्या विमानाला तिसराच लावा. होल्डवाले सांगतात की क्षणभर सिग्नल गेला तरी विमान सरळ जात राहतं, पण तेवढी क्षणभराची तूट बहुतेक रिसीव्हर तसंही भरून काढतात, आणि सिग्नल परत आलाच नाही तर फुल थ्रॉटलवरचं विमान बॅटरी संपेपर्यंत तसंच तासगावच्या दिशेने जाणार, तिकडं द्राक्षबागांच्या तारा आहेत आणि बागेत माणसं काम करत असतात. (आयनॅव किंवा अर्डुपायलट सॉफ्टवेअरवर चालणारा ऑटोपायलट बोर्ड बसवला असेल तर गोष्ट वेगळी, तिथं सिग्नल गेलाय हे बोर्डाला कळलं पाहिजे, पुढचं तो बघतो.)

सेट करणं सोपं आहे. फ्लायस्काय एफएस-आय६ मधे सिस्टिम मेनूत आरएक्स सेटअप, त्यात फेलसेफ, तिथं चॅनेल ऑन करा, स्टिक हव्या त्या जागी धरा आणि कॅन्सल बटण दाबून धरा. नुसतं टिचकी मारून बाहेर आलात तर सेव्ह होत नाही, इथं पोरं हमखास फसतात. एजटीएक्स सॉफ्टवेअरच्या रेडिओवर फ्रस्कायचा रिसीव्हर वापरत असाल तर मॉडेल सेटअपमधे फेलसेफला कस्टम निवडा. ईएलआरएस (एक्सप्रेसएलआरएस) सिस्टिमचा पीडब्ल्यूएम रिसीव्हर, म्हणजे ज्याला सर्व्हो थेट जोडता येतात तो, असेल तर रेडिओ बंद ठेवून रिसीव्हरला साधारण मिनिटभर करंट द्या, तो स्वतःचं वायफाय सुरू करतो, मोबाईलवर १०.०.०.१ उघडून प्रत्येक आउटपुटचं फेलसेफ तिथंच ठरवा. स्पेक्ट्रममधे थ्रॉटलची जागा बाइंड करतानाच साठवली जाते, तेव्हा स्टिक पूर्ण खाली पाहिजे.

किती द्यायचं? इलेक्ट्रिकला थ्रॉटल शून्य, यात चर्चा नाही. बाकी सगळं न्यूट्रल ठेवा असं बरेच जण सांगतात, मला ते आपल्या भागात पटत नाही. फोमच्या ट्रेनरला मी किंचित अप एलेव्हेटर (नाक वर) आणि किंचित रडर (शेपटीचं उभं पातं) देतो, म्हणजे विमान मोठी गिरकी घेत जवळपासच खाली येतं. न्यूट्रलवरचं विमान लांब तरंगत जाऊन डोक्याच्या वर वाढलेल्या उसात पडतं, आणि उसात पडलेलं विमान पाच पावलांवर असलं तरी दिसत नाही, वर पानं हातापायाला कापतात ते वेगळंच. पण किंचित म्हणजे किंचितच, जास्त रडर दिलंत तर विमान स्पिनमधे जाईल.

आता खरी गोम. फेलसेफ चालतं का ते तपासायचं कसं, यावर जेवढा चुकीचा सल्ला ऐकायला मिळतो तेवढा बाकी कशावर नाही, मी स्वतः सुरुवातीला याच टप्प्यावर बरेच दिवस अडकलो होतो. नेहमीचा सल्ला असा की थ्रॉटल खाली ठेवा, रेडिओ बंद करा, मोटर फिरली नाही म्हणजे ओके. अहो, थ्रॉटल खाली असताना होल्डवरसुद्धा मोटर फिरणार नाही! यातून काहीच कळत नाही.

टेस्ट अशी करा. प्रॉप काढलेलाच आहे, विमान कुणाला तरी घट्ट धरायला सांगा, थ्रॉटल अर्ध्यावर न्या, मोटर फिरू द्या, एलेरॉनची (पंखांवरच्या पात्यांची) स्टिक एका बाजूला पूर्ण दाबून धरा आणि तशीच धरून रेडिओ बंद करा. एखाद सेकंदात मोटर थांबली पाहिजे आणि एलेरॉन तुम्ही ठरवलेल्या जागी आलं पाहिजे. मोटर फिरत राहिली तर तुम्ही होल्डवर आहात. मोटर थांबली पण एलेरॉन वाकडंच राहिलं तर थ्रॉटलचं सेट झालंय, बाकीचं नाही, किंवा रिसीव्हर नो पल्सवर आहे. विमान चालू असताना काही रेडिओ बंद व्हायला तयार नसतात, विचारत बसतात, तिथं सरळ होय म्हणा नाहीतर रेडिओची बॅटरी काढा, पण टेस्ट टाळू नका. रेडिओ परत चालू करायच्या आधी थ्रॉटलची स्टिक खाली घ्या.

दुसरा लाडका सल्ला, सिग्नल गेला की ईएससी आपोआप मोटर बंद करतो, फेलसेफ कशाला. ईएससी मोटर बंद करतो ते रिसीव्हरकडून पल्स यायचे थांबले तर. होल्डवरचा रिसीव्हर पल्स पाठवतच राहतो, म्हणजे ईएससीच्या लेखी सगळं आलबेल आहे, तो कशाला थांबेल?

आणि क्रम पाळा. थ्रॉटल रिव्हर्स (दिशा उलटी करणं), एंडपॉइंट (चॅनेल कुठवर जायचं त्या टोकाच्या मर्यादा), ईएससी कॅलिब्रेशन हे सगळं आधी, फेलसेफ सगळ्यात शेवटी. रिसीव्हर स्टिकची जागा लक्षात ठेवत नाही, आउटपुटचा आकडा लक्षात ठेवतो. फेलसेफ सेट केल्यावर थ्रॉटल रिव्हर्स केलंत तर जुना शून्य आता फुल थ्रॉटल झाला, आणि ते तुम्हाला सिग्नल गेल्यावरच कळणार.

रेंज चेकच्या आधी अँटेना बघा. २.४ गिगाहर्ट्झच्या साध्या वायर अँटेनाचं टोकाकडचं उघडं ३१ मिलीमीटरच कामाचं असतं, तेवढं सरळ आणि मोकळं ठेवा, बॅटरी आणि कार्बन रॉडपासून लांब. दोन अँटेना असतील तर एकमेकींना काटकोनात. रेडिओच्या अँटेनाचं टोक विमानाकडे रोखायचं नाही, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो.

मग रेडिओ रेंज मोडमधे टाका, त्यात पॉवर मुद्दाम कमी होते. मित्राला विमान खांद्याच्या उंचीवर धरून चालत जायला सांगा, जमिनीवर ठेवून केलेला चेक उगाच वाईट दिसतो, आणि पाणी पाजलेल्या उसाच्या कडेला तर करूच नका, ओला पाला सिग्नल खातो. मॅन्युअलमधे दिलेलं अंतर, बऱ्याच सिस्टिमला साधारण ३० पावलं, तिथं पोचल्यावर त्याने विमान सगळ्या बाजूंनी फिरवायचं, नाक, शेपूट, पोट. तुम्ही स्टिक हलवत राहा. सर्व्हो अडखळले की अँटेनाची जागा बदला आणि पुन्हा करा.

आता प्रॉप लावा. मित्र पंखांच्या मागून धरेल, प्रॉपच्या पुढे किंवा रेषेत कुणी नको, आणि हाच चेक मोटर चालवून करा. मोटर बंद असताना ३० पावलं आणि चालू केल्यावर १५ आली तर ईएससीचा नॉइज आहे, रिसीव्हर त्याच्यापासून लांब सरकवा. सगळ्या स्टिक एकदम गरागरा फिरवल्यावर रिसीव्हरचा दिवा क्षणभर विझला तर सिग्नलला दोष देऊ नका, बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होला करंट पुरवणारा भाग) कमी पडतोय.

रेंज मोड बंद करा आणि बंद झालाय हे स्क्रीनवर बघून घ्या, त्याच मोडमधे टेकऑफ घेणारे महाभाग आहेत. रेंज चेक प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी एकदा, पहिल्या फ्लाइटआधी. फेलसेफची पूर्ण टेस्ट परत करायची ती नव्याने बाइंड केल्यावर, रिसीव्हर किंवा ईएससी बदलल्यावर आणि विमान आपटल्यावर.