गॉलला स्वयंसेवक म्हणून जाताय? ‘आपल्यासारखंच तर आहे’ म्हणताना होणाऱ्या या चुका टाळा

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे गॉल, उनवटुना, वेलिगामा या पट्ट्यात, स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या मराठी मुलामुलींची अडचण युरोपातून येणाऱ्यांपेक्षा वेगळी असते. माडांच्या बागा, कौलारू घरं, भात-मासे, क्रिकेट सगळं ओळखीचं दिसतं. त्यामुळे कुणाला काही विचारावंसंच वाटत नाही, आणि बहुतेक चुका तिथेच सुरू होतात.

आधी कागदपत्रं. पर्यटक व्हिसावर तिथे पगारी काय, बिनपगारी कामही चालत नाही. ‘सगळे असेच येतात’ म्हणणाऱ्या संस्थेकडून कोणता व्हिसा लागेल हे लेखी मागा. टाळाटाळ झाली तर ती संस्था सोडा.

पंचांग न बघता बेत आखणं

श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते. शाळा, कचेऱ्या बंद, दारूविक्रीला मनाई, मटणाची दुकानंही बंद. सुट्टी मिळाली म्हणून स्वयंसेवकांची टोळी दुसऱ्या समुद्रकिनाऱ्यावर पळते. माझं मत विचाराल तर गाव समजून घ्यायला महिन्यातला हाच दिवस सर्वांत चांगला. पांढरे कपडे घालून पहाटेच जवळच्या विहारात जा. आठ शीलं म्हणजे दिवसभर पाळायचे आठ नियम घेतलेली माणसं, त्यात म्हाताऱ्या बायका बऱ्याच, अख्खा दिवस तिथेच घालवतात. ‘नमो तस्स’ आणि पंचशील पालीतूनच म्हटलं जातं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या बौद्ध घरातून आलेल्यांना पहिल्याच दिवशी सुरात सूर मिसळता येतो. १९५० साली डॉ. आंबेडकर बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत आले होते, हा धागा तिथल्या भंतेंशी बोलायला पुरेसा आहे.

मे महिन्यातल्या वेसाकला, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेला, घरोघरी कागदी कंदील लागतात, चौकात जातककथांची रोषणाई केलेली उंच तोरणं उभी राहतात आणि रस्त्याकडेला ‘दन्सल’ म्हणजे फुकट जेवणाचे मांडव पडतात. वारीच्या वाटेवरच्या अन्नदानासारखंच, येईल त्याला वाढायचं. नुसते फोटो काढत फिरू नका. आदल्या दिवशी विचारलंत तर कांदे चिरायला, ताटं धुवायला माणूस हवाच असतो.

१३-१४ एप्रिलच्या सिंहली-तमिळ नववर्षात दुकानं काही दिवस बंद राहतात, बस-गाड्यांना तोबा गर्दी असते. जुनं वर्ष सरून नवं लागताना मधल्या काही तासांत चूलसुद्धा पेटवत नाहीत. मग सांगितलेल्या मुहूर्तावर चूल पेटते आणि दूध उतू घालतात. त्या आठवड्यासाठी ‘प्रकल्पाची डेडलाइन’ लावून सहकाऱ्यांमागे धोशा लावणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. बोलावणं आलं तर जरूर जा, आणि वडीलधाऱ्यांना विड्याची पानं दोन्ही हातांनी द्या.

श्रद्धा आहे म्हणून सगळं चालेल असं समजणं

आपल्याकडे बुद्धाचं चित्र मनापासून गोंदवून घेतात. श्रीलंकेत तो अपमान मानला जातो. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचा टॅटू असलेल्या एका ब्रिटिश महिलेला अटक करून देशाबाहेर काढलं होतं. पुढे तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई दिली, पण तोवर व्हायचा तो त्रास होऊन गेला होता. टॅटू असेल तर विमानतळापासूनच पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. मूर्तीकडे पाठ करून सेल्फी अजिबात नको.

शाकाहारी असूनही नुसतं दिसण्यावर विश्वास ठेवणं

पोल सांबोल म्हणजे ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी, दिसायला अगदी घरची. तिच्यात बहुतेक वेळा उंबलकड, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा, कुटलेला असतो. तो वेगळा दिसत नाही. कधीकधी डाळीतही पडतो. ‘फिश नाही ना?’ विचारलं तर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतील, कारण हा चुरा त्यांच्या लेखी मसाला. म्हणून सरळ ‘उंबलकड एपा’ म्हणा, उंबलकड नको. मासे खाणाऱ्यांनी मात्र अंबुल तियल, म्हणजे माशांचा आंबट पदार्थ, चुकवू नये. त्याचा आंबटपणा गोरक या फळाचा असतो, आणि गोरक हा आपल्या कोकमाचा सख्खा भाऊबंद.

कासवांची पिल्लं हातात घेणं

याबद्दल मी जरा कडक बोलेन. किनाऱ्यावरच्या अनेक कासव केंद्रांत पिल्लं दिवसेंदिवस टाक्यांत ठेवतात, पर्यटकांच्या हातात देतात, संध्याकाळी पैसे घेऊन सोडतात. अंड्यातून निघाल्यावर खोल समुद्र गाठायला लागणारी ताकद टाकीतच संपून जाते. रत्नागिरीतल्या वेळासला पिल्लं बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ लगेच समुद्राकडे सोडतात. ते पाहिलेल्या माणसाने इथे एवढंच विचारावं: पिल्लं कधी सोडता? उत्तर ‘तीन-चार दिवसांनी’ असं असेल तर तिथे राबू नका. अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांशी खेळायला जाण्याचंही तेच. मुलांना माया लागते आणि तुम्ही निघून जाता.

दाखवण्यासाठी मांडलेलं पाहून परतणं

कोग्गलाला समुद्रात रोवलेल्या काठ्यांवर बसलेले मच्छीमार आता बहुतांशी फोटोपुरते बसतात. त्यांचे पैसे द्या, घासाघीस करू नका, पण खरी मासेमारी बघायची तर ‘मा-देल’ शोधा. ही आपली रापणच: होडी अर्धवर्तुळात जाळं टाकून येते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात. साधारण मे ते सप्टेंबर या किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे ती दिसते समुद्र शांत असतानाच. विचारून दोराला हात लावा, आणि एकदा लावलात की मध्येच सोडून मोबाइल काढू नका.

गप्पांची चुकीची सुरुवात

‘रावणाची लंका’ हा विनोद नको. पुष्कळ सिंहलींना रावण आपला पराक्रमी राजा वाटतो. देशाच्या पहिल्या उपग्रहाचं नावही, २०१९ साली, ‘रावणा-१’ ठेवलं. त्यापेक्षा उनवटुनाजवळच्या रुमस्सला टेकडीवर चला म्हणा. हनुमानाने आणलेल्या पर्वताचा तुकडा तिथे पडला अशी गावाची कथा आहे. ती त्यांच्याच तोंडून ऐका.

भारताने काय काय मदत केली हेही स्वतः काढू नका. १९८७च्या भारत-श्रीलंका कराराविरुद्ध याच दक्षिण भागात बंड पेटलं आणि १९८९पर्यंत चाललेल्या हिंसाचारात हजारो तरुण गेले. त्सुनामीचंही तसंच. २६ डिसेंबर २००४ हा पोयाचा दिवस होता. हिक्कडुवाजवळ पेरालियाला त्या दिवशी रेल्वेगाडीच लाटेखाली सापडली आणि हजाराहून जास्त माणसं गेली. स्मारक बघून या, पण घरमालकिणीला ‘तुम्ही तेव्हा कुठे होतात?’ असं विचारू नका. त्यांना सांगावंसं वाटलं तर त्या सांगतील.

आठवडे गेले तरी ओळखी होत नसतील तर

मुक्काम तपासा. गॉलच्या किल्ल्याच्या आत आता कॅफे आणि गेस्टहाउसांचीच चलती आहे. तटबंदीबाहेर एखाद्या कुटुंबाकडे खोली घ्या, रोज ठरावीक वेळेची बस धरा. वयाने मोठ्या पुरुषाला ‘अय्या’, बाईला ‘अक्का’ म्हणा. बसमध्ये पुढची सीट भिक्खूंसाठी राखीव असते, ती सोडा. आणि बाई असाल तर भंतेंच्या शेजारी बसू नका, जागा रिकामी असली तरी.